मुलाबाळांसह जुने गोवे: एक पूर्ण दिवस, नदीपासून टेकडीपर्यंत

पहिल्यांदा आम्ही जुने गोवे पाहिले ते चाळीस मिनिटांत. सहलीच्या बसमधून उतरलो, गाइडने एका चर्चमध्ये नेले, रस्ता ओलांडून दुसऱ्यात नेले आणि मंगेशीला उशीर होतोय म्हणून पुन्हा बसमध्ये बसवले. बस सुटल्यावर धाकटीने विचारले, "आई, ते शहर कुठे होतं मग?" गाइड सारखा म्हणत होता ना, इथे मोठे शहर होते म्हणून. मला सांगता येईना, कारण मीही ते पाहिले नव्हते.

त्यानंतर दोनदा आमचे आम्ही गेलो, एकदा तर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन. तेव्हा कळले की जुने गोवे कळायला क्रम लागतो. पोर्तुगीज काळात या शहरात लोक नदीतून, मांडवीच्या धक्क्यावरून शिरत. आपणही तिथूनच शिरायचे, आणि दिवस संपवायचा टेकडीवर, जिथे उन्हातान्हाचे पडके अवशेष आहेत. चर्चच्या दारांच्या दिशा आणि दिवसाचे ऊनही याच क्रमाला धरून आहेत, ते पुढे सांगते.

वार आधी ठरवा

शुक्रवारी जाऊ नका, पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते. रविवारची सकाळही टाळा, कारण ही चर्च चालती आहेत. लोक प्रार्थनेला बसलेले असताना त्यांच्यामधून पोरे घेऊन फिरणे बरे दिसत नाही. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेविअर यांचे फेस्त, म्हणजे सण, असते आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना, चालतात. त्या दिवसांत गोव्याच्या गावागावांतून माणसे येतात, कितीतरी जण पायी चालत. फेस्ताची जत्रा, खाज्यांची दुकाने, मेणबत्त्यांचे ढीग हे सगळे एकदा जरूर पाहावे, पण इमारती निवांत पाहायच्या असतील तर ते दिवस सोडा. नाताळ ते नववर्ष हा आठवडाही तसाच.

पावसाळ्यात जुने गोवे फार सुंदर दिसते, जांभ्यावर हिरवे शेवाळे चढलेले असते. पण त्याच शेवाळ्यावरून अवशेषांमध्ये पाय घसरतो, त्यामुळे म्हातारी माणसे बरोबर असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

चर्चमध्ये जायला तिकीट नाही. संग्रहालयांना थोडे पैसे पडतात. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनीच घालावेत, मुलांनीसुद्धा. चपला काढाव्या लागत नाहीत, टोपी मात्र काढायची. पाण्याच्या बाटल्या, छत्री, रुमाल हे तर घ्यालच. त्यात एक छोटी दुर्बीण टाका. तिचे काम दुपारी आहे.

कोकण रेल्वेने येणार असाल तर सगळ्यात जवळचे स्टेशन करमळी. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना पाहून घ्या. आम्ही पणजीत मुक्काम करतो. तिथून जुने गोवे नऊ-दहा किलोमीटर आहे आणि कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) आणि खासगी बस सारख्या सुटतात. शक्यतो रायबंदरवरून जाणारी बस धरा. पणजी सोडली की रस्ता एका लांबलचक बांधावजा पुलावरून जातो. तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, लांबी तीन किलोमीटरच्या वर, आणि आजही त्यावरून वाहतूक चालते. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरे आणि खाजणाचे पाणी. मुलांना खिडकीशी बसवा.

सकाळी साडेआठ: फेरी धक्का आणि विजरईची कमान

गांधी सर्कलला उतरलात की समोरच्या मोठ्या चर्चकडे वळू नका. सरळ नदीकडे चालत जा. वाटेत एक कमान लागेल, तिच्याखालून पलीकडे धक्क्यापर्यंत जा आणि तिथे पाठ नदीकडे करून उभे राहा. शहराकडे बघण्याची खरी जागा ही.

लिस्बनहून नवा विजरई, म्हणजे पोर्तुगीज राजाचा इथला प्रतिनिधी, आला की तो याच वाटेने शहरात शिरे आणि इथेच त्याच्याकडे शहराच्या किल्ल्या सुपूर्द होत. कमान १५९७ ची, वास्को द गामाच्या पणतवाने तो स्वतः विजरई असताना बांधवून घेतलेली. पुढे ती ढासळली आणि १९५४ मध्ये पुन्हा उभारली. नदीच्या बाजूने वर पाहिले की कोनाड्यात वास्को द गामा दिसतो. कमानीतून आत येऊन मागे वळलात की शहराच्या बाजूला दुसरी मूर्ती आहे: तलवार घेतलेली एक स्त्री, आणि तिच्या पायाखाली एक माणूस. तो कोणाचा आणि का दाखवला असेल, हे मुलांनाच विचारा. आमच्या थोरल्याने बराच वेळ वर पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे तो आपल्यातला आहे." त्यापुढे मला काही समजावून सांगावे लागले नाही.

कमानीतून जो रस्ता आत जाई तो शहराचा राजमार्ग, रुआ दिरेता. दुतर्फा सोनार, सावकार, कापडाची दुकाने, आणि भर रस्त्यात लिलाव. त्या लिलावात घोडे विकले जात तशी गुलाम माणसेही विकली जात. आज तिथे झाडे, गवत आणि डांबरी रस्ता आहे. धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर इथे उभे राहून देता येते: शहर इथेच होते. साथीचे रोग आणि हिवताप यांनी ते पोखरले, माणसे निघून गेली, १७५९ मध्ये विजरईनेही पणजीला बस्तान हलवले आणि मग इथल्या घरांचे दगड नव्या बांधकामांसाठी उचलून नेले गेले. चर्च तेवढी राहिली, कारण त्यांचे मालक देवाचे नाव घेऊन मागे थांबले.

संत कायतान आणि आदिलशहाचे दार

कमानीपासून दोन-चार मिनिटांवर संत कायतानचे चर्च आहे. सहलीच्या बस इथे क्वचितच थांबतात, त्यामुळे सकाळी बहुतेक वेळा आपणच असतो. थिएटाइन पंथाच्या इटालियन पाद्र्यांनी १६५६ ते १६६१ या काळात ते रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधले. मोठा घुमट, आत भरपूर उजेड, आणि घुमटाच्या बरोबर खाली चक्क एक विहीर. ती मुलांना आधी सांगू नका, शोधू द्या.

बाहेर आल्यावर आवारात काळ्या दगडाची एकटी चौकट उभी दिसेल. ना भिंत, ना छप्पर, नुसते दार. हे आदिलशहाच्या वाड्याचे दार. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवे जिंकले तेव्हा हे विजापूरकरांचे शहर होते. त्यांचाच वाडा पुढे विजरईंनी राहायला घेतला आणि १८२० मध्ये तो पाडून टाकला. चौकटीवरची नक्षी जवळ जाऊन पाहा. ती आपल्याकडच्या देवळांतल्या कामाशी इतकी मिळतीजुळती आहे की सासूबाई न सांगता म्हणाल्या, "हे तर देवळाचं दार." घडवणारे हात इथलेच होते.

दहाच्या आत से कॅथेड्रल

से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून ते सकाळीच पाहायचे. दहा वाजेपर्यंत दर्शनी भागावर थेट ऊन असते.

मैदानात उभे राहून मुलांना विचारा, या इमारतीत काय चुकले आहे? थोड्या वेळात सापडते: मनोरा एकच आहे. दुसरा १७७६ मध्ये वीज पडून कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. सोन्याचे नाव तिच्या नादावरून पडले.

कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनला वाहिलेले आहे, कारण तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, गोवे पडले. १५६२ मध्ये काम सुरू झाले आणि मुख्य बांधकामच १६१९ पर्यंत चालले. लांबी ७६ मीटर. आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. समोर संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेली सोनेरी वेदी आहे, ती लांबून आधी पूर्ण पाहा आणि मग जवळ जा.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात धर्मन्यायालय होते, इन्क्विझिशन. त्याची इमारत याच मैदानाच्या कडेला होती आणि शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी हीच घंटा वाजवली जाई. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे साध्या शब्दांत सांगता येते. वेदी सुंदर आहे आणि घंटेने लोकांचा थरकाप उडवला, दोन्ही खरे. एक सांगून दुसरे गाळले तर मुलांना अर्धे शहर दाखवल्यासारखे होईल.

कॅथेड्रलला लागूनच असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च. आताची इमारत १६६१ ची, पण दार तिच्या आधीच्या चर्चचे, १५२१ सुमाराचे. काळ्या दगडातले हे दार बाकीच्या पांढऱ्या भिंतीत वेगळे उठून दिसते. आत गेल्यावर आधी पायाखाली पाहा. सगळी फरशी कबरींच्या दगडांची आहे: ढाली, शिरस्त्राणे, घराण्यांची चिन्हे, कवट्या. काही अक्षरे चालून चालून इतकी झिजली आहेत की बोट फिरवल्यावरच कळतात. आमची मुले तिथे अर्धा तास जमिनीवर बसून होती, कोणत्या दगडावर कोणता प्राणी आहे ते मोजत. त्यांना घाई करू नका. मोठ्यांनी तोवर भिंतीवरची लाकडावर रंगवलेली चित्रे पाहावीत.

मागच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. दमायला झाले असेल तर इथे फक्त दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे विजरईंच्या चित्रांचे दालन: एकामागून एक मिशाळ, चिलखतधारी चेहरे, साडेचारशे वर्षांची रांग. दुसरे म्हणजे आधीच्या देवळांमधल्या मूर्ती आणि वीरगळ. फिरंग्यांच्या आधीही इथे कदंबांचे, विजयनगरचे, बहामनींचे राज्य होते, हे त्या दगडांपाशी उभे राहिले की मनात ठसते.

जेवण

गांधी सर्कलच्या आसपास साधी खाणावळवजा हॉटेले आहेत. फिश थाळी किंवा शाकाहारी थाळी, सोलकढी, झाले. बारालाच जेवायला बसा, एकनंतर बसचे लोंढे येतात. लहान मुलांना गोव्याची पातळ भाजी आणि पाव पुरतो. जेवून लगेच उठू नका. कॅथेड्रलसमोरच्या बागेत सावली आहे, सासूबाईंनी तिथे तासभर डोळा लावला आणि त्यामुळेच त्या संध्याकाळी टेकडी चढू शकल्या.

दुपारी अडीच: बॉम जेझस

बॉम जेझस बॅसिलिकाचे तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे से कॅथेड्रलच्या बरोबर उलट, दुपारनंतर उजळणारे. सकाळच्या गर्दीचा भरही तोवर ओसरलेला असतो.

बाहेर थांबून भिंतीला हात लावा. बाकीची चर्च पांढरी आणि हे एकटेच तांबडे, कारण विसाव्या शतकाच्या मध्याला त्याचा गिलावा काढून टाकला आणि जांभा उघडा पडला. छायाचित्रांत तो छान दिसतो, पण जांभा सच्छिद्र असतो. बोटाचे टोक जाईल एवढाली भोके, त्यात पावसाचे पाणी, मग शेवाळे, मग कण कण सुटणे. आपल्या कोकणातली घरेही जांभ्या चिऱ्याची, पण गिलावा किंवा उतरते छप्पर त्यांना पावसापासून जपते. इथे चार महिने मारा उघड्यावर बसतो, म्हणून गिलावा परत करावा अशी मागणी होत आली आहे. दर्शनी भागावरचे काळे नक्षीचे दगड मात्र वेगळे आहेत, ते वसईकडून गलबतांनी आणले असे सांगतात. सर्वांत वर आयएचएस ही तीन अक्षरे कोरली आहेत, येशूच्या नावाची, जेझुइट या ख्रिस्ती पंथाची खूण. काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये चर्च खुले झाले.

आत उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेविअर यांची समाधी. ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह मलाक्काहून गोव्याला आला. गोव्याचे ख्रिस्ती लोक त्यांना गोंयचो सायब म्हणतात, आणि नवस बोलायला त्यांच्याकडे हिंदूही येतात. देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीचा: तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फोजिनी नावाच्या शिल्पकाराकडून करवून पाठवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला. बदल्यात ड्यूकला काय मिळाले होते? संतांच्या डोक्याखालची उशी. ही गोष्ट मुले विसरत नाहीत.

पेटी उंचावर आहे आणि खालून नुसता चांदीचा लखलखाट दिसतो. दुर्बीण आता काढा. पेटीवर संतांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत आणि दुर्बिणीतून माणसे, गलबते, आजारी लोक वेगवेगळे दिसू लागतात. दर्शनासाठी पेटी दर दहा वर्षांनी खाली आणतात. मागच्या वेळी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये आणली होती.

मराठी माणसाने या समाधीपुढे आणखी एक प्रसंग आठवावा. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी शहराच्या अगदी जवळचे जुवे बेट घेतले. विजरई प्रतिहल्ला करायला गेला आणि मार खाऊन परतला. शहर आता जाणार हे दिसू लागले तेव्हा तो या चर्चमध्ये आला, पेटी उघडवली आणि आपला राजदंड संतांच्या हाती ठेवून शहर वाचवा म्हणून विनवू लागला. त्याच सुमारास औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोगल फौज घेऊन चालून आल्याने मराठ्यांना मागे वळावे लागले. पोर्तुगीजांनी श्रेय संतांना दिले. मुलांना हे सांगितल्यावर दोघेही पेटीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.

आत पोझ देऊन फोटो काढायला मनाई आहे. ती पाळा, आणि मुलांनाही पाळायला लावा.

चारनंतर: पवित्र टेकडी

बॅसिलिकाच्या पश्चिमेला रस्ता थोडा चढत मोंते सांतोवर जातो. चालत दहा मिनिटे लागतात. गुडघे दुखत असतील तर रिक्षा किंवा गाडी वरपर्यंत जाते. चारच्या आधी वर जाऊ नका, अवशेषांत सावली नाही आणि जांभा तापलेला असतो.

संत ऑगस्टीनचे चर्च आणि मठ १५९७ ते १६०२ या काळात उभे राहिले आणि ती इथल्या सर्वांत भव्य इमारतींपैकी एक होती. १८३५ मध्ये सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, पाद्री गेले, आणि राखणारे कोणी उरले नाही. १८४२ मध्ये छत आत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा मनोरा, ४६ मीटर उंच, उभा चिरलेल्या फळासारखा आकाशात दिसतो. त्याच्यातली घंटा आज पणजीच्या जिन्यावरच्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी पणजीत फिरताना ती मुलांना दाखवा, त्यांनीच रिकामा मनोरा आदल्या दिवशी पाहिलेला असतो.

सकाळपासून मुलांनी पूर्ण चर्च पाहिलेली असतात, म्हणून इथे ती आपोआप ओळखू लागतात: ही वेदीची जागा, हे बाजूचे छोटे प्रार्थनाघर, ही दाराची पायरी. म्हणून अवशेष शेवटी. पहिल्यांदा इथे आणले असते तर त्यांना नुसते दगड दिसले असते. भिंतींच्या खालच्या भागात निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत, एखादे फूल, एखादा अर्धा चेहरा. बोटाने कोरू देऊ नका. भिंतींवर आणि खड्ड्यांच्या कडेला चढू देऊ नका, दगड सुटे आहेत.

मग एका बाजूला बसून केतेवान राणीची गोष्ट सांगा. ती जॉर्जियातल्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला कैद केले आणि धर्म सोडायला तयार होईना म्हणून १६२४ मध्ये शिराजला हालहाल करून मारले. तिथे असलेल्या ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये इथे आणून दगडी पेटीत ठेवला. छत कोसळले तेव्हा पेटी ढिगाऱ्याखाली गेली. जुन्या पोर्तुगीज कागदांत पेटी एका खिडकीजवळ असल्याची नोंद होती. त्या धाग्यावरून पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हाडे सापडली, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डीएनए तपासल्यावर त्यांचा उगम तिकडचाच असल्याचे दिसले. जुलै २०२१ मध्ये भारताने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. ती खिडकी कुठली असेल, हे शोधत आमची मुले तासभर फिरली.

जवळच संत मोनिकाचा मोठा मठ आहे, त्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय. पाय शिल्लक असतील तर जा. हस्तिदंती मूर्ती आणि चांदीची भांडी बारकाईने पाहण्यासारखी आहेत. आमच्या मुलांचे पाय शिल्लक नव्हते.

मावळतीला रोझरी

टेकडीच्या टोकाला अवर लेडी ऑफ रोझरीचे छोटे, जाड भिंतींचे, किल्ल्यासारखे चर्च आहे. १५४० च्या दशकातले, म्हणजे आज उभ्या असलेल्या चर्चमध्ये सगळ्यात जुन्यांपैकी. याच टेकाडावरून आल्बुकर्कने १५१० ची लढाई पाहिली असे सांगतात. दार बहुधा बंद असते, पण इथे यायचे ते बाहेर बसण्यासाठी. खाली मांडवी पूर्ण दिसते आणि पलीकडे दिवाडी बेट.

त्या बेटावर सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते, कदंब राजांचे कुलदैवत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देवाला नदीपार डिचोलीच्या नार्व्याला नेले आणि नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे नवे देऊळ बांधायला लावले. तो शिलालेख आजही तिथे आहे. दुसरा दिवस हातात असेल तर सकाळच्याच धक्क्यावरून फेरी धरा, दिवाडी ओलांडा आणि पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरा.

अंधार पडायच्या आत टेकडी उतरा, वरच्या रस्त्यावर दिवे कमी आहेत. पणजीची बस गांधी सर्कललाच मिळते. आम्ही उतरत होतो तेव्हा धाकटी मागे वळून अर्ध्या मनोऱ्याकडे बघत होती. "उद्या त्याची घंटा बघायची ना?" तिने विचारले.